ऑन्टारियोतलं जुनं घर आणि पहिला हिवाळा: आधी पाणी, मग गॅसचा धूर, मग फटी

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कॅनडात, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमधे 80 च्या दशकातलं दुमजली घर या उन्हाळ्यात घेतलंय, खाली बेसमेंट, गॅसवरची फर्नेस, म्हणजे घरभर गरम हवा सोडणारं मशीन, आत्तापर्यंत कॉन्डोत राहिल्यामुळे हिवाळ्यात घराचं काय काय करावं लागतं ते माहीत नाही. शेजारी म्हणतात खिडक्या बदला, दुकानवाला म्हणतो मोठा हीटर घ्या, आणि डिसेंबरच्या मध्यात तुम्ही पाच आठवडे पुण्याला निघालात. मग त्याआधी नेमकं काय करायचं आणि पैसे कुठे घालायचे. मी इथे गॅस टेक्निशियन आहे, फर्नेस आणि वॉटर हीटरची कामं करतो, त्यामुळे दर हिवाळ्यात लोकांच्या बेसमेंटमधे काय काय होतं ते जवळून बघतो. उत्तर लांबेल, पण सगळं लिहितो.

सगळ्यात आधी खिडक्यांचा विषय या वर्षापुरता डोक्यातून काढून टाका. हजारो डॉलर जातात आणि ज्या गोष्टींनी घराचं खरं नुकसान होतं त्या तशाच राहतात. खोली गार पडली तर आपण स्वेटर घालतो, वैताग होतो पण निभतं. पाईप फुटला तर अख्खं बेसमेंट जातं, आणि जळलेल्या गॅसचा धूर घरात शिरला तर माणसं जातात. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे, आधी पाणी, मग गॅस, मग फटी, आणि या तिन्हीतून पैसे उरले तर खिडक्या वगैरे.

तर पाणी. घराला बाहेरून दोन नळ असतील, एक पुढे ड्राइव्हवेजवळ, एक मागे. त्यांना होज पाईप लावलेला असेल तर तो आजच्या आज काढा, कारण होज लावलेला राहिला की नळातलं पाणी निघून जायला वाटच राहत नाही, आणि ज्याला इथे फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे न गोठणारा नळ म्हणतात तोसुद्धा होज लागलेला असेल तर फुटतो. मग बेसमेंटमधे त्या नळाकडे जाणारा पाईप शोधा, बाहेरच्या भिंतीपासून थोडं आत त्याच्यावर एक कॉक असतो, तो बंद करा. बाहेर जाऊन नळ पूर्ण उघडा. परत आत या, त्या कॉकच्या अंगाला एक बारीक पितळी टोपी असते, खाली बादली धरून ती सैल केली की मधे अडकलेलं पाणी ठिबकून निघून जातं, ठिबकणं थांबलं की टोपी लावा आणि बाहेरचा नळ एप्रिलपर्यंत उघडाच राहू द्या. बरेच लोक नुसता आतला कॉक फिरवतात आणि झालं म्हणतात. ते पुरत नाही. कॉक आणि नळाच्या मधे राहिलेलं कपभर पाणीच घात करतं, पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, बर्फाची गाठ पुढचं पाणी बंद नळाकडे दाबत जाते आणि तिथे दाब एवढा वाढतो की तांब्याचा पाईप उभा चिरतो. आणि हे जानेवारीत कळतही नाही, कारण तिथे बर्फाचं बूच बसलेलं असतं आणि आतला कॉक बंद असतो. एप्रिलमधे झाडांना पाणी घालायला कॉक उघडला की मग भिंतीच्या आत धार लागते. बेसमेंट फिनिश केलेलं असेल आणि छताला ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे पत्रे, असेल तर हा कॉक एखाद्या छोट्या प्लॅस्टिकच्या झाकणामागे असेल, ते झाकण शोधाच, आधीच्या मालकाने तेही बुजवलं असेल तर ड्रायवॉल कापून का होईना कॉकपर्यंत पोचायला लागेल.

दुसरं, घराचा मेन कॉक. बेसमेंटमधे रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला, पाण्याच्या मीटरपाशी असतो. घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, तो कुठे आहे आणि कसा बंद करायचा हे माहीत पाहिजे. आता 80 च्या घरात तो बऱ्याचदा जुन्या पद्धतीचा, गोल चाकाचा असतो आणि वर्षानुवर्षं कोणी हात न लावल्यामुळे जाम झालेला असतो. म्हणून तो आत्ता फिरवून बघा, हळू, पान्हा लावून जोर करू नका. पूर्ण बंद करून वरच्या मजल्यावरचा नळ सोडा, पाणी बारीक धारेने येतच राहिलं तर कॉक खराब आहे, प्लंबरकडून बदलून बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या, ज्याला एक दांडा असतो आणि पाव फेरा दिला की बंद. याच्यासाठी रस्त्याजवळचा नगरपालिकेचा कॉक त्यांच्याकडून बंद करून घ्यावा लागतो, अपॉइंटमेंट घ्यावी लागते, म्हणून नोव्हेंबरमधेच उरकायचं. निघायच्या आदल्या रात्री हे उद्योग करायचे नाहीत.

मग पाईप कुठे कुठे बाहेरच्या भिंतीतून किंवा गॅरेजवरून गेलेत ते बघा. स्वयंपाकघराचं सिंक खिडकीखाली असेल तर पाईप बहुतेक बाहेरच्या भिंतीजवळच आहेत. उणे 15, उणे 20 च्या रात्री सिंकखालची कपाटाची दारं उघडी ठेवायची म्हणजे घरातली ऊब आत पोचते, आणि नळ अगदी बारीक ठिबकता ठेवायचा. गॅरेजच्या छतातून किंवा बिनतापाच्या जागेतून पाईप दिसत असेल तर त्यावर फोमची नळी चढवा, स्वस्त आहे, कात्रीने कापता येते, सांधे आणि कोपरे टेपने नीट बंद करा कारण तिथूनच गारवा शिरतो.

पन्हळी, म्हणजे गटर, पानं पूर्ण गळून गेल्यावर साफ करायच्या. आपल्याकडे मेपलची पानं नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत गळत राहतात, त्याआधी साफ करून उपयोग नाही आणि फार उशीर केला तर आत गोठलेला लगदा होतो. उतरत्या पाईपचं तोंड भिंतीपासून निदान 6 फूट लांब न्या. हे काम लोकांना फारच क्षुल्लक वाटतं, पण बेसमेंटच्या भिंतीला ओल येते त्यातली किती तरी घरं मी बघितली जिथे कारण एवढंच होतं की पन्हळीचं पाणी पायाशीच पडत होतं. सम्प पंप, म्हणजे बेसमेंटखाली साचणारं पाणी बाहेर टाकणारा पंप, असेल तर त्याच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता आणि पंप सुरू होतो का, पाणी बाहेर जातं का बघा. त्याचा बाहेरचा पाईप सपाट पडला असेल तर त्यात पाणी साचून गोठतं, पंप चालू राहतो आणि पाणी जात नाही, म्हणून त्याला उतार पाहिजे.

आता गॅस. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आधी. हा जळलेल्या गॅसच्या धुरातला विषारी वायू, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं फ्लू आलाय आणि तो आडवा होतो. ऑन्टारियोत झोपायच्या खोल्यांजवळ हा अलार्म 2014 पासून कायद्याने लागतो. 1 जानेवारी 2026 पासून तो प्रत्येक मजल्यावर लागतो, म्हणून प्रत्येक मजल्यावर एक लावा, बेसमेंट धरून. आधीच्या मालकाने लावलेला असेल तर भिंतीवरून काढून मागची तारीख वाचा, या अलार्मचं आयुष्य 7 ते 10 वर्षं असतं, त्यानंतर बटण दाबल्यावर भोंगा वाजतो पण आतला सेन्सर मेलेला असतो. बटण दाबून वाजला म्हणजे चांगला आहे असं अजिबात समजू नका.

फर्नेस लायसन्स असलेल्या माणसाकडून एकदा बघून घ्या, आणि पहिली कडाक्याची थंडी पडायची वाट बघू नका, तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम येतात आणि आम्ही पुरे पडत नाही. घराच्या बाजूच्या भिंतीतून दोन पांढरे प्लॅस्टिकचे पाईप बाहेर आले असतील तर तुमची फर्नेस नंतर बदललेली, हाय-एफिशियन्सी आहे. एका पाईपने ती हवा आत घेते, दुसऱ्याने धूर बाहेर टाकते. या पाईपांची तोंडं बर्फाने बुजली तर आतला प्रेशर स्विच ते ओळखतो आणि फर्नेस बंद करतो, रात्री दोनला घर गार पडतं आणि लोकांना वाटतं मशीन बिघडलं. म्हणून मोठा बर्फ पडला की आधी तिथे जाऊन हाताने किंवा झाडूने तोंडं मोकळी करा, आणि ड्राइव्हवेचा बर्फ उचलून त्या बाजूला कधीच टाकू नका. याच फर्नेसमधून पाणी पण निघतं, बारीक नळीने गटाराकडे जातं, ती नळी बाहेरच्या गार भिंतीला लागून असेल तर गोठते आणि फर्नेस परत बंद. टेक्निशियनला ती नळी आणि तिच्या तोंडाशी पाणी धरून ठेवणारा भाग, ट्रॅप, साफ करायला सांगा, बरेच जण न सांगता करत नाहीत.

आता तुमच्यासारख्या घरात हमखास सापडणारी एक गोष्ट. पूर्वी जुनी फर्नेस आणि वॉटर हीटर दोघांचा धूर एकाच चिमणीतून जायचा. नवी फर्नेस आली, तिचा धूर प्लॅस्टिकच्या पाईपने बाजूने जायला लागला, आणि जुन्या चिमणीवर वॉटर हीटर एकटा राहिला. एवढ्याशा हीटरला ती चिमणी मोठी पडते, ती नीट तापत नाही, धूर वर चढायला कुरकुर करतो. त्यात आपण काय करतो, तर फोडणीचा वास बसू नये म्हणून ओट्यावर जबरदस्त ताकदीचा हूड, म्हणजे धूर ओढणारा पंखा बसवतो, 600 सीएफएमचा वगैरे, म्हणजे मिनिटाला 600 घनफूट हवा बाहेर टाकणारा. तो हूड जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच पाहिजे, थंडीत दारं-खिडक्या सगळं बंद, मग ती चिमणीतून उलटी खाली येते आणि सोबत वॉटर हीटरचा धूर आणते. हे घाबरवायला लिहीत नाहीये, मी भारतीय घरांमधे हे प्रत्यक्ष बघितलंय.

तपासायचं कसं, तर सोपं आहे. घराची सगळी दारं-खिडक्या बंद करा, हूड फुल, बाथरूमचे पंखे चालू, कपड्यांचा ड्रायर चालू. बेसमेंटचं दार उघडं ठेवा, म्हणजे हूडचा ओढा खालपर्यंत पोचतो. मग गरम पाण्याचा नळ सोडून वॉटर हीटर पेटू द्या, पाच मिनिटं थांबा, आणि टाकीच्या वर जिथे धुराच्या पाईपखाली छत्रीसारखी उघडी फट असते तिथे पेटलेली उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. धूर तुमच्या तोंडाकडे आला तर हूड बंद, खिडकी उघडा, हीटर बंद करा आणि टेक्निशियनला बोलवा, चिमणीत योग्य मापाची नळी टाकणं किंवा पॉवर व्हेंटचा, म्हणजे पंख्याने धूर बाहेर ढकलणारा हीटर बसवणं असे उपाय आहेत. तोपर्यंत हूड लावताना स्वयंपाकघरातली खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची, गारवा आला तरी चालेल.

याच संदर्भात, कोणी दार वाजवून म्हणालं की आम्ही तुमची फर्नेस तपासायला आलोय, सरकारी योजना आहे, तुमचं मशीन धोकादायक आहे, तर आत घेऊ नका. ऑन्टारियोत 1 मार्च 2018 पासून फर्नेस, एसी, वॉटर हीटर असल्या गोष्टी न बोलावता दारावर येऊन विकायला बंदी आहे. नव्या घरमालकांना, त्यातून आपल्या लोकांना, मशीन भाड्याने देणाऱ्या असल्या करारात अडकलेलं बघितलं की मला फार त्रास होतो.

फिल्टर तुम्हीच बदला. एक इंची असेल तर हिवाळ्यात दर महिन्याला काढून उजेडासमोर धरा, पलीकडचं दिसेना की बदला, बाण फर्नेसच्या दिशेने. दुकानात सगळ्यात महाग आणि दाट फिल्टर घ्यायचा मोह होतो, पण एक इंचात फार दाट फिल्टर लावला तर हवा अडते, मशीन आतल्या आत तापतं आणि बंद-चालू होत राहतं. फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचं माप म्हणजे मर्व्ह, ते 8 ते 11 पुरे. तसंच न वापरत्या खोल्यांच्या गरम हवेच्या झडपा बंद करून गॅस वाचवू असंही करू नका, परिणाम तोच. आणि थर्मोस्टॅट 28 वर नेला म्हणून घर लवकर तापत नाही, फर्नेस तिच्याच वेगाने चालते, फक्त 21 ला थांबायची ती थांबत नाही.

गॅसची फर्नेस विजेशिवाय चालत नाही हेही लक्षात असू द्या. 2013 च्या डिसेंबरमधे टोरांटोत बर्फाचं वादळ झालं, ऐन ख्रिसमसच्या तोंडावर सुमारे 3 लाख ग्राहकांची वीज गेली, काहींची कित्येक दिवस. लोकांनी घरात कोळशाच्या शेगड्या, बार्बेक्यू पेटवले आणि कार्बन मोनॉक्साइडने आजारी पडले. घरात, गॅरेजमधे, दार उघडं ठेवूनसुद्धा, शेगडी किंवा जनरेटर लावायचा नाही. सगळ्यांनी एका खोलीत जमायचं, दाराखाली टॉवेल लावायचे, रजया घ्यायच्या. घर फारच गार पडायला लागलं तर मेन कॉक बंद करून पाईप रिकामे करायचे आणि कोणाकडे तरी जायचं.

आता फटी. गरम हवा वर चढते आणि घराच्या माथ्यातून, माळ्याच्या झाकणाच्या कडेने, छतातल्या दिव्यांच्या भोकांतून बाहेर जाते, आणि तेवढीच गार हवा खालून, बेसमेंटच्या कडेने आत ओढली जाते. म्हणून खिडकीशी बसून गार लागतं तरी चूक बरेचदा वर आणि खाली असते. वाऱ्याच्या दिवशी सगळे एक्झॉस्ट पंखे लावा आणि परत उदबत्ती घेऊन फिरा, बाहेरच्या भिंतीवरचे स्विच आणि सॉकेट, दाराच्या चौकटी, स्कर्टिंग, माळ्याचं झाकण. धूर थरथरला तिथे फट आहे. झाकणाला कडेने फोमची पट्टी लावा आणि पाठीवर जाड फोमचा तुकडा चिकटवा. बेसमेंटमधे भिंतीवर जिथे वरच्या मजल्याच्या लाकडी तुळया, जॉइस्ट, टेकतात तिथे इन्सुलेशनची गुलाबी लोकर नुसती कोंबलेली दिसेल, ती काळपट झाली असेल तर समजा तिच्यातून वारा वाहतोय, लोकर हवा अडवत नाही. तिथे फोमच्या शीटचे तुकडे कापून बसवा आणि कडा स्प्रे फोमने भरा. एका शनिवार-रविवारचं काम आहे आणि डॉलरमागे याच्याइतका फायदा मला दुसऱ्या कशात दिसलेला नाही. खिडक्यांना ती पारदर्शक फिल्म मिळते, हेअर ड्रायरने ताणून बसते, जुन्या खिडक्यांना या वर्षी तेवढी लावा. बाहेरून कॉल्किंग, म्हणजे ट्यूबमधल्या पेस्टने फटी भरणं, करायचं असेल तर ऑक्टोबरमधेच, बहुतेक ट्यूबांना 5 अंशांच्या वर तापमान लागतं.

फटी बुजवताना उंदरांचाही विचार करा. सहा मिलिमीटरच्या भोकातून उंदीर येतो आणि आपल्या घरात तांदळाची, कणकेची पोती असतात. पाईप आत येतात तिथली भोकं स्टील वूल भरून मग सील करायची, नुसता फोम ते कुरतडतात. धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात.

माळ्यावर डोकावून इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर, किती आहे बघा. आता नव्या घरांना माळ्यावर साधारण आर-60 लागतं (आर हे थर ऊब किती अडवतो त्याचं माप), सेल्युलोजचा थर धरला तर 16-17 इंच. तुमच्या घरात त्याच्या निम्मं असेल तर आश्चर्य नाही. करड्या-सोनेरी, चमकणाऱ्या खड्यांसारखं काही दिसलं तर हात लावू नका, ढवळू नका, ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं आणि जुन्या व्हर्मिक्युलाइटमधे ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, आधी तपासून घ्या. आणि नवीन इन्सुलेशन घालण्याआधी छताची भोकं सील करून घ्या, हा क्रम उलटा करणारे कॉन्ट्रॅक्टर पुष्कळ आहेत.

हे सगळं केलं नाही तर काय होतं? घरातली ऊब माळ्यावर जाते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी उतरून वळचणीशी येतं, तिथे खाली घर नाही म्हणून छप्पर गार, तिथे ते परत गोठतं. बर्फाचा बांध तयार होतो, मागचं पाणी तुंबतं आणि शिंगल्सखालून, म्हणजे छपरावरच्या कौलांसारख्या पट्ट्यांखालून, घरात उतरतं. पन्हळीला लटकणाऱ्या काचेसारख्या पागोळ्या दिसायला सुंदर असतात, लोक फोटो काढतात, पण मोठमोठ्या लटकायला लागल्या तर माळा तपासायची वेळ झाली. छपरावर चढून कुऱ्हाडीने बर्फ फोडायचा नाही. लांब दांड्याचा रूफ रेक मिळतो, जमिनीवर उभं राहून कडेचा तीन-चार फूट ताजा बर्फ ओढून काढायचा. वळचणीखालची हवेची छिद्रं इन्सुलेशनने बुजलेली नाहीत ना तेही बघून घ्या, माळा थंड आणि कोरडा राहिला पाहिजे.

बाथरूमच्या पंख्याचा पाईप छतातून थेट बाहेर जातो की माळ्यावरच सोडून दिलाय हे जरूर बघा. जुन्या घरात तो सुटलेला सापडतो. मग आंघोळीची वाफ माळ्यावर जाऊन फळ्यांना बर्फ होऊन चिकटते आणि फेब्रुवारीत एक उबदार दिवस आला की छतातून पाणी टपकतं. लोक छपराचं काम करणाऱ्याला बोलावतात, छप्पर मात्र ठणठणीत असतं.

यावरून ओलाव्याचं. आपल्या घरात वाफ जास्त होते, हे खरंच आहे. रोज कुकर, डाळ-भात, चहा, भाजीला झाकण ठेवून वाफ आणणं, वर बेसमेंटमधे दोरीवर कपडे. पुण्यात खिडक्या उघड्या असतात म्हणून कळत नाही, इथे ती वाफ काचेवर जाऊन बसते, खाली पाझरते, लाकडाला काळी बुरशी धरते. दहा-पंधरा डॉलरचं आर्द्रता दाखवणारं यंत्र आणा. बाहेर उणे 10 असताना घरात 30-35 टक्के, उणे 20 च्या खाली गेलं की 25 च्या आसपास. त्याच्या वर असेल आणि फर्नेसला ह्युमिडिफायर लावलेला असेल तर तो कमी करा, बऱ्याच भारतीय घरांना त्याची गरजच पडत नाही. कुकर लावला की हूड लावा, कमी स्पीडवर चालेल पण नंतर पंधरा मिनिटं चालू राहू द्या. आंघोळीनंतर पंखा अर्धा तास. जाड पडदे दिवसा उघडा, बंद पडद्यामागे काच आणखी गार होते आणि जास्त पाणी धरते. आणि बाहेरच्या कोपऱ्यातल्या कपाटात भारतातून आणलेल्या बॅगा, गाद्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा, नाहीतर मार्चमधे काढाल तेव्हा मागे बुरशी. देवघर तशा कोपऱ्यात असेल तर तिथेही हेच.

बर्फाचं थोडक्यात. फावडं आणि मीठ आत्ता घ्या. साधं मीठ उणे 10 च्या खाली फारसं काम करत नाही, तेव्हा कॅल्शियम क्लोराइड लागतं. गॅस मीटरवर बर्फ साचला तर हाताने किंवा मऊ ब्रशने काढा, फावड्याने ठोकू नका. एसीच्या बाहेरच्या युनिटला पूर्ण गुंडाळायचं नाही, आत ओल आणि उंदीर राहतात, वर एक फळी ठेवली तरी पुरे. हीट पंप, म्हणजे घर गारही करणारं आणि तापवणारंही युनिट, असेल तर काहीच झाकायचं नाही, तो हिवाळ्यात चालतो.

आता पुण्याची ट्रिप. आधी इन्शुरन्सची पॉलिसी काढून वाचा किंवा ब्रोकरला लेखी विचारा. अनेक पॉलिसींमधे अट असते की हिवाळ्यात चार दिवसांपेक्षा जास्त घर सोडून गेलात तर पाणी बंद करून पाईप रिकामे केले पाहिजेत, किंवा कोणीतरी रोज येऊन घर तापतंय ना हे बघितलं पाहिजे. ही अट पाळली नाही तर फुटलेल्या पाईपचा क्लेम नाकारतात. पाच आठवड्यांसाठी मी दोन्ही करायला सांगेन. निघायच्या दिवशी मेन कॉक बंद, मग वरपासून खालपर्यंत सगळे नळ उघडून पाणी जाऊ द्या, सगळ्यात खालचा बेसमेंटमधला, फ्लश ओढून टाक्या रिकाम्या करा. वॉटर हीटरची कळ ‘व्हेकेशन’ या खुणेवर. फर्नेसच्या ह्युमिडिफायरचा बारका कॉक बंद. थर्मोस्टॅट 15-16 च्या खाली नेऊ नका, चार पैसे वाचवायला 10 वर ठेवून गेलेली घरं बघितली आहेत, भिंतीच्या आत त्याहून कितीतरी गार असतं. बेसमेंटच्या जमिनीतल्या ड्रेनमधे एक तांब्या पाणी आणि वर चमचाभर तेल ओता म्हणजे पाणी उडून जाऊन गटाराचा वास वर येत नाही. घरात स्प्रिंकलर असेल किंवा पाण्याच्या रेडिएटरचं हीटिंग असेल तर मेन बंद करण्याआधी प्लंबरला विचारायचं, तुमच्याकडे फर्नेस आहे म्हणजे बहुधा तो प्रश्न नाही.

किल्ली कोणातरी विश्वासाच्या माणसाकडे द्या, मंडळातलं एखादं कुटुंब, शेजारी, आणि नुसतं लक्ष ठेवा म्हणू नका. त्याला सोबत घेऊन एकदा घर फिरा, मेन कॉक दाखवा, फर्नेसचे बाहेरचे पाईप दाखवा, थर्मोस्टॅट कितीवर दिसला पाहिजे ते सांगा. पॉलिसीत रोज म्हटलं असेल तर रोज, नाहीतर दोन-तीन दिवसांनी यायचं, आत येऊन थर्मोस्टॅटचा फोटो काढून पाठवायचा, तारखेसकट तोच फोटो उद्या इन्शुरन्सला पुरावा होतो. बर्फ काढायला माणूस आधीच ठरवून पैसे देऊन ठेवा. वायफायचा थर्मोस्टॅट असेल तर 12 च्या खाली गेल्यावर दोघांच्या फोनवर अलर्ट येईल असं लावा, पण वीज गेली की वायफायही जातं म्हणून त्याच्या भरवशावर माणूस रद्द करू नका.

परत आल्यावर मेन कॉक एकदम उघडायचा नाही. आधी सगळे नळ बंद करा, फक्त सगळ्यात वरचा एक थोडा उघडा ठेवा, मग कॉक पाव फिरवा आणि बेसमेंटमधे उभं राहून ऐका. कुठे फसफस, ठिबक नसेल तर हळूहळू पूर्ण उघडा, हवा निघून धार सरळ झाली की वरचा नळ बंद, आणि त्यानंतरच वॉटर हीटर नेहमीवर आणा. एखाद्या नळाला पाणी येतच नसेल तर तिथे पाईप गोठलाय असं समजा, तो नळ उघडा ठेवा, हेअर ड्रायरने नळाच्या बाजूने सुरुवात करून मागे मागे गरम करत जा, आगीची ज्योत कधीच लावू नका, आणि एक माणूस मेन कॉकपाशी उभा राहू द्या, कारण फुटलेलं असेल तर ते बर्फ सुटल्यावरच कळतं.